ओपिऑइडचे व्यसन आणि चुंबकीय उपचार: मेंदूत काय घडते आणि पुरावा कुठवर आला आहे

हेरॉइन, मॉर्फिन, फेन्टानिल, ऑक्सिकोडोन आणि ट्रॅमाडॉल ही सगळी एकाच कुळातली द्रव्ये आहेत. काहींचे मूळ अफूत आहे, काही पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेली आहेत, काही वेदनाशामक म्हणून डॉक्टर लिहून देतात, तर काही चोरट्या बाजारातच मिळतात. पण मेंदूत शिरल्यावर ती सारी मुख्यतः एकाच प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या रसायन ओळखणाऱ्या खाचेवर, जाऊन बसतात. या ओपिऑइड द्रव्यांच्या व्यसनावर औषधे नाहीत, असा अनेकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन या, स्वतः ओपिऑइडच असलेल्या पण संथपणे काम करणाऱ्या औषधाचा वापर करून पाहिला आणि 1965 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे बुप्रेनॉर्फिन आले. या दोन औषधांवर टिकून असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण उपचाराबाहेर राहिलेल्यांच्या तुलनेत साधारण निम्मे असते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसून आले आहे. तंबाखू किंवा कोकेन यांच्या व्यसनावर इतके परिणामकारक औषध आजही हाती नाही.

मग डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून व्यसनावर उपचार करण्याची कल्पना पुढे आली ती का? याचे मुख्य कारण असे की औषधे चांगली असली तरी रुग्ण त्यांच्यावर टिकत नाहीत. उपचार सुरू करणाऱ्यांपैकी फार मोठा भाग, बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास, पहिल्या सहा महिन्यांतच तो सोडून देतो. औषध शरीराची तगमग थांबवते आणि तलफही पुष्कळ कमी करते, पण सगळ्यांची सारखी करत नाही. शिवाय ज्यांना व्यसनासोबत नैराश्य, चिंता किंवा जुनाट वेदना आहेत त्यांच्याबाबतीत एकट्या औषधाचे बळ अपुरे पडते. चुंबकीय उद्दीपनाकडे पाहायचे ते या उणिवेच्या अंगाने. औषधाला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिले की सगळा हिशेबच बिघडतो, आणि दुर्दैवाने जाहिरातींत ते बहुधा तसेच मांडले जाते.

ओपिऑइड मेंदूत नेमके काय करते हे आधी पाहू. ज्या म्यू रिसेप्टरवर ते बसते तो मुळात आपल्याच शरीरातल्या एंडॉर्फिनसारख्या रसायनांसाठी असतो. मेंदूच्या मध्यभागी खोलवर डोपामिन स्रवणाऱ्या मज्जापेशींचा एक पुंजका आहे आणि एरवी त्यांच्यावर शेजारच्या काही पेशींचा लगाम असतो. ओपिऑइड या लगाम धरणाऱ्या पेशींनाच गप्प करते आणि डोपामिन मोकाट सुटते. या डोपामिनचे काम निव्वळ सुख देणे एवढेच नाही. नुकतेच जे घडले ते महत्त्वाचे आहे आणि ते पुन्हा करायचे आहे, अशी खूणगाठ ते मेंदूत बांधून ठेवते. ज्या जागी, ज्या माणसांबरोबर, ज्या मनःस्थितीत द्रव्य घेतले, त्या सगळ्या गोष्टी या खुणेशी जोडल्या जातात. याच वेळी मेंदूच्या देठातल्या, श्वासाची लय सांभाळणाऱ्या पेशीही मंदावतात, आणि मात्रा जास्त झाली की मृत्यू येतो तो बहुधा श्वास थांबल्यामुळे.

द्रव्य नेहमीचे झाले की मेंदू स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतो. दाबल्या गेलेल्या यंत्रणा अधिक जोर लावू लागतात, तेवढाच परिणाम मिळवायला मात्रा वाढवावी लागते, आणि द्रव्य अचानक बंद झाले की हा वाढीव जोर उघडा पडतो. घाम, अंगावर काटा, जुलाब, हाडे मोडल्यासारखी ठणक, रात्रीची झोप उडणे ही विथड्रॉवलची लक्षणे त्यातून येतात. हा काळ भयंकर असतो, पण त्याचा तीव्र भाग आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. उपचार करणाऱ्यांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण शरीर शांत झाल्यावरही मनात बसलेल्या खुणा तशाच राहतात. महिनोन्‌महिने द्रव्यापासून दूर राहिलेला माणूस एखाद्या जुन्या ओळखीच्या दर्शनाने किंवा एका भांडणाने पुन्हा त्याच तलफेत सापडतो. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतल्यानंतर मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यातले बहुतेकजण पुन्हा व्यसनाकडे वळलेले आढळले नाहीत. भोवताल बदलला, खुणा मागे राहिल्या आणि तलफेचा जोर ओसरला. व्यसन हा मेंदूचा आजार आहे असे म्हणताना हा अभ्यास विसरला जाऊ नये, असे मला वाटते.

तलफ उठणे ही एक गोष्ट आणि तिला आवर घालणे ही दुसरी. आवर घालण्याचे काम मुख्यतः कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स करतो. परिणामांचा विचार करणे, ठरवलेली गोष्ट लक्षात ठेवणे आणि हात आवरणे ही त्याची कामे आहेत. दीर्घकाळ व्यसनात असलेल्यांच्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये हा भाग आवर घालण्याच्या वेळी कमी सक्रिय आढळतो, तर खुणा दिसताच पेट घेणारी मंडले अधिक सक्रिय आढळतात. हे कारण आहे की परिणाम, असा प्रश्न साहजिकच पडतो. 2013 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगाने त्यावर प्रकाश टाकला. पायाला झटका बसत असतानाही कोकेन मिळवत राहणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सशी समांतर मानल्या जाणाऱ्या भागातल्या पेशी मंद पडलेल्या होत्या. प्रकाशाच्या साहाय्याने त्या पेशी जाग्या करताच उंदरांचे कोकेनमागे धावणे कमी झाले, आणि उलट प्रयोग करून त्या दाबल्या की ते वाढले. हा प्रयोग कोकेनवरचा आहे, ओपिऑइडवरचा नाही. तरीही माणसाच्या कपाळावर चुंबकीय कॉइल ठेवून पाहण्याचे धाडस अनेकांना झाले ते या निष्कर्षामुळे.

आता त्या कॉइलकडे वळू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवले. इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. तिच्या काचेखालच्या कॉइलमध्ये ज्वाला नसते, पण वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात विजेचा प्रवाह उभा राहतो आणि भांडे तापते. चुंबकीय उद्दीपनात भांड्याच्या जागी मेंदूचा बाह्यस्तर असतो, आणि प्रवाह इतका सौम्य व क्षणिक असतो की काही तापत नाही, फक्त त्या भागातल्या मज्जापेशींना संदेश पाठवण्याइतकी चालना मिळते. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली या पद्धतीने माणसाच्या मेंदूचा स्नायूंना आज्ञा देणारा भाग चेतवला, तेव्हा कवटीला हातही न लावता समोरच्याचे बोट हलले. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. या पद्धतीचे बळ या एका गोष्टीत आहे.

एका स्पंदनाचा कालावधी मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, आणि त्या क्षणी कॉइलजवळचे क्षेत्र साधारण दीड ते दोन टेस्ला, म्हणजे नेहमीच्या एमआरआय यंत्राच्या तोडीचे असते. मात्र अंतरागणिक ते झपाट्याने घटते. इंग्रजी आठच्या आकाराची नेहमीची कॉइल कवटीपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच परिणामकारक ठरते. प्रत्येकाच्या मेंदूची संवेदनशीलता वेगळी असल्यामुळे, कितपत जोर दिल्यावर अंगठा हलतो हे आधी पाहिले जाते आणि त्या प्रमाणात उपचाराची तीव्रता ठरवली जाते. स्पंदने एका मागोमाग एक, ठरावीक लयीत दिली की ही पद्धत पुनरावृत्त चुंबकीय उद्दीपन किंवा टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) या नावाने उपचार बनते. सेकंदाला 10 स्पंदनांसारखी जलद लय त्या भागाची उत्तेजनक्षमता सर्वसाधारणपणे वाढवते, सेकंदाला एक अशी संथ लय ती कमी करते. हा नियम सरासरीने खरा आहे. एकेका माणसाच्या बाबतीत तो बरेचदा मोडतो, आणि प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत याचे ते एक मोठे कारण आहे.

डोपामिनचे मंडल मेंदूत खोलवर आहे आणि कॉइलचा प्रभाव तर वरच्या थरातच संपतो, मग दोघांची गाठ कशी पडते? उत्तर मेंदूच्या जोडणीत आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून निघालेले मज्जातंतू थेट खोलवरच्या केंद्रांपर्यंत जातात, त्यामुळे वर दिलेली चालना खाली पोहोचते. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी 2001 साली निरोगी व्यक्तींच्या डाव्या प्रीफ्रंटल भागावर हे उद्दीपन देऊन पेट स्कॅन केले, तेव्हा खोलवरच्या कॉडेट नावाच्या भागात डोपामिन स्रवल्याचे त्यांना दिसले. खोल भागात तार न घालता तिथले रसायन बदलता येते, याचा माणसांतला हा एक सुरुवातीचा ठोस पुरावा होता.

कॉइल नेमकी कुठे ठेवायची यावर मात्र एकमत नाही. सर्वाधिक प्रयोग डाव्या बाजूच्या, कपाळाच्या किंचित वरच्या भागावर, आवर घालणाऱ्या यंत्रणेला जागे करण्यासाठी झाले आहेत. दुसरा विचार याच्या उलट आहे. कपाळाच्या मधोमध, खुणा दिसताच तलफ पेटवणाऱ्या मंडलाशी जोडलेला जो भाग आहे तो शांत करावा, असे तो विचार सांगतो. तिसरे लक्ष्य म्हणजे इन्सुला हा मेंदूच्या घडीत दडलेला भाग. पक्षाघाताने इन्सुलाला इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सिगारेटची इच्छाच नाहीशी झाल्याचे 2007 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे 2022 मध्ये अशाच रुग्णांच्या मेंदूतल्या इजांचे नकाशे एकत्र करून पाहिले असता, व्यसन सुटलेल्यांच्या इजा जरी वेगवेगळ्या जागी असल्या तरी त्या एकाच जाळ्याशी जोडलेल्या आहेत असे आढळले, आणि त्या जाळ्यात इन्सुला व प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे भाग दोन्ही होते. याचा अर्थ तीनही विचार कदाचित एकाच जाळ्याची वेगवेगळी टोके ओढत आहेत.

व्यसनांपैकी धूम्रपानाबाबतचा पुरावा सर्वात पक्का आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टीएमएसला नैराश्यासाठी 2008 मध्ये, ओसीडीसाठी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) 2018 मध्ये आणि धूम्रपान सोडण्यासाठी 2020 मध्ये मान्यता दिली. धूम्रपानाच्या मान्यतेमागे 14 केंद्रांवर झालेली, 262 जणांची चाचणी होती. खोलवर पोहोचणाऱ्या खास कॉइलने दोन्ही बाजूंच्या प्रीफ्रंटल भागांवर आणि इन्सुलावर उद्दीपन दिले गेले. तीन आठवडे जवळपास रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा. अठराव्या आठवड्यापर्यंत, खरे उद्दीपन घेतलेल्यांपैकी सुमारे 19 टक्के लोक सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहू शकले होते आणि तुलनेसाठी खोटे, म्हणजे मेंदूला प्रत्यक्ष चालना न देणारे, उद्दीपन घेतलेल्यांपैकी सुमारे 9 टक्के. फरक दुपटीचा आहे, पण त्याच आकड्यांत हेही आहे की खरा उपचार घेतलेल्या शंभरातल्या ऐंशी जणांना त्याचा असा उपयोग झाला नाही. मान्यता मिळाली म्हणजे बहुतेकांना गुण येतो, असा अर्थ कुणी काढू नये.

ओपिऑइडसाठी अशी मान्यता नाही. जे अभ्यास झाले आहेत त्यांतले बरेचसे चीनमधले, हेरॉइनच्या व्यसनावरचे आहेत. 2016 सालच्या एका बहुचर्चित अभ्यासात, दीर्घकाळ हेरॉइन घेतलेल्या पुरुषांच्या डाव्या प्रीफ्रंटल भागावर सेकंदाला 10 स्पंदनांच्या लयीने उद्दीपन दिले असता, हेरॉइनशी निगडित दृश्ये पाहताना उठणारी तलफ कमी झाल्याचे दिसले, आणि काही दिवसांच्या सलग उपचाराने हा परिणाम वाढला. त्यानंतरच्या अभ्यासांनीही साधारण हीच दिशा दाखवली आहे. आशा वाटावी इतके हे नक्कीच आहे. पण हे पुरावे वाचताना तीन गोष्टी मला सतत खटकतात. पहिली, सहभागी बहुतेक थोडे आणि पुरुष होते. स्त्रियांबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. दुसरी, अनेकजण केंद्रात राहणारे, म्हणजे मुळात द्रव्यापासून दूर ठेवलेले होते. तिथे तलफ कमी होणे आणि बाहेर पडल्यावर, हाताशी द्रव्य असताना न घेणे, यांत मोठे अंतर आहे. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट मोजमापाची. तलफ म्हणजे रुग्णाने एका पट्टीवर स्वतः दिलेले गुण. लघवीची तपासणी, उपचारावर टिकून राहण्याचा काळ, ओव्हरडोसची संख्या, यांच्याशी त्या गुणांचा संबंध असतो, पण तो सैल असतो.

खोट्या उद्दीपनाचा प्रश्नही साधा नाही. गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. टीएमएसचे मात्र तसे नाही. खरी कॉइल टकटक आवाज करते, डोक्याच्या त्वचेला टोचल्यासारखे जाणवते, कधी भुवईचा स्नायू फडफडतो. आवाज तेवढाच करणारी आणि त्वचेला हलका चटका देणारी खोटी कॉइल आता वापरली जाते, तरीही आधी खरे उद्दीपन अनुभवलेला माणूस फरक ओळखू शकतो. मोठे यंत्र, गंभीर चेहऱ्याचे तंत्रज्ञ आणि रोजची काळजीपूर्वक विचारपूस यांचाही परिणाम होतोच, आणि तो कॉइलच्या खात्यावर जमा होता कामा नये.

ओपिऑइडच्या संदर्भात टीएमएसची जी बाजू मला स्वतःला सर्वात लक्षवेधी वाटते ती वेदनेची आहे, आणि तिची चर्चा त्या मानाने कमी होते. जठराचा आकार कमी करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच, प्रीफ्रंटल भागावर एकदाच उद्दीपन दिलेल्या रुग्णांनी स्वतः बटण दाबून घ्यायचे मॉर्फिन खोट्या उद्दीपनाच्या गटापेक्षा सुमारे 40 टक्के कमी घेतले, असे 2006 सालच्या एका लहान अभ्यासात आढळले. पुढच्या प्रयोगांत याहूनही विलक्षण बाब समोर आली. टीएमएसने वेदना कमी होतात, पण त्याआधी नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइड रिसेप्टर अडवणारे औषध दिले तर वेदना कमी होण्याचा परिणाम मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो. याचा सरळ अर्थ असा की हे उद्दीपन निदान काही अंशी शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइड यंत्रणेतूनच काम करते. ज्या रुग्णाच्या व्यसनाची सुरुवात कंबरदुखीच्या गोळ्यांपासून झाली आणि ज्याला आजही वेदना व तलफ वेगवेगळ्या करून सांगता येत नाहीत, त्याच्यासाठी ही वाट तलफेच्या वाटेपेक्षा अधिक उपयोगाची ठरू शकेल. मात्र वर्षानुवर्षे ओपिऑइड घेतल्याने ती यंत्रणाच बधिर झालेली असेल, तर उद्दीपनाचा परिणामही तोकडा पडेल का, हा प्रश्न त्याच निष्कर्षातून उभा राहतो.

मेंदूत थेट हस्तक्षेप करण्याचा मोह नवा नाही. चीनमध्ये 2000 नंतरच्या काही वर्षांत हेरॉइनच्या रुग्णांच्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स या, डोपामिनच्या मंडलातल्या भागाचा काही अंश जाळून नष्ट करणाऱ्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्या, आणि टीकेनंतर 2004 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने त्या थांबवल्या. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात 2019 साली औषधोपचार निष्फळ ठरलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून खोल उद्दीपनाची चाचणी सुरू झाली. या दोन्हींच्या तुलनेत टीएमएसचे मोठे मोल हे आहे की कवटी उघडावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही आणि थांबवले की ते थांबते.

धोके आहेत, पण मोजके. डोकेदुखी आणि कॉइलखालच्या टाळूचा ठणका नेहमीचा. आवाजामुळे कानात बोळे घालावे लागतात. फिट येणे हा गंभीर धोका दुर्मीळ, नैराश्याच्या उपचारांत हजार रुग्णांमागे एकापेक्षाही कमी आहे. ओपिऑइडच्या रुग्णांत मात्र तो गृहीत धरून चालणार नाही. ट्रॅमाडॉल स्वतःच फिटची शक्यता वाढवते, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या नुकत्याच सोडलेल्या माणसाचा मेंदूही त्या काळात फिटकडे झुकलेला असतो. एकाहून अधिक द्रव्ये घेणारे रुग्ण अपवाद नसतात, त्यामुळे पहिल्या दिवशीच सगळी खरी यादी तंत्रज्ञासमोर येणे आवश्यक असते. डोक्यात धातूची क्लिप, कानातले रोपण किंवा तत्सम उपकरण असेल तर हा उपचार देत नाहीत.

एक व्यावहारिक विसंगतीही आहे. नैराश्यासाठी टीएमएस आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे दिले जाते. औषध घ्यायला नियमित येणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठीच हा उपचार हवा आणि तो घ्यायला त्यांनी महिनाभर रोज यावे, ही अपेक्षा विचित्र आहे. जुन्या सत्रात 37 मिनिटांत जेवढा परिणाम मिळे तेवढा तीन मिनिटांच्या सत्रातूनही मिळतो, असे नैराश्याच्या रुग्णांवरील 2018 च्या मोठ्या चाचणीने दाखवले, आणि स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत दिवसाला 10 सत्रे देऊन सगळा उपचार पाच दिवसांत आटोपतो. या पद्धतीला नैराश्यासाठी 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. विथड्रॉवलसाठी रुग्ण दाखल झालेला असतानाच तो पाच दिवसांचा उपचार उरकता आला, तर वरची विसंगती पुष्कळशी सुटेल.

तोपर्यंत टीएमएसचा विचार करणाऱ्या रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ओपिऑइडच्या व्यसनासोबत नैराश्य असेल, तर त्या नैराश्यासाठी हा उपचार आजही पुराव्यानिशी घेता येतो, आणि मन सावरल्याने व्यसनाच्या उपचाराला हातभार लागण्याची शक्यता आहेच. पण तलफ कमी वाटू लागली म्हणून मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन बंद करणे जिवावर बेतू शकते. काही आठवडे ओपिऑइडपासून दूर राहिले की शरीराची मात्रेची सवय मोडते आणि पूर्वी पचणारी मात्राच श्वास थांबवायला पुरेशी ठरते; केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसचे मृत्यू इतके जास्त का होतात, त्याचे हेच कारण आहे. म्हणून एखादे केंद्र औषध सोडवून केवळ चुंबकीय उपचार देऊ करत असेल, तर औषध चालू ठेवून तो देता येईल का आणि ओव्हरडोस झाल्यास त्याचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन घरात ठेवायला सांगणार आहात का, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत.